मुकी फटफटी

"मी असं बोलत न्हाई," सोपानराव दारातून म्हणाले, आणि सोजरबाईच्या हातातली पळी पिठल्यात बुडाली.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. स्टोव्ह फर्रर्र पेटलेला, त्याच्या पुढ्यात पाटावर बसून सोजरबाई नवऱ्याशी भांडत होती, आणि नवरा घरात नव्हता. त्याचं बोलणंही तीच बोलत होती. हनुवटी गळ्याला लावायची, आवाज घोगरा काढायचा आणि म्हणायचं, "चुकलं माझं, सोजर. तुला कांद्यावर बसवायला नको व्हतं." मग हनुवटी वर, पदर खांद्यावर सारखा, आणि आपल्या आवाजात, "आता सुचलं व्हय? समदं वऱ्हाड नाक दाबून हसत व्हतं तवा कुठं गेलती ही अक्कल?" हे वाक्य तिला नीट बसत नव्हतं. अक्कल आधी घ्यावी की शेवटी, एवढंच ती ठरवत होती, आणि तेवढ्यात ते चार शब्द आले. मागं वळून बघते तर नवरा खराखुरा उभा. पायताण काढून भिंतीला लावलेलं, डब्याची पिशवी खुंटीवर अडकवलेली. म्हणजे आत्ता आलेला माणूस नव्हे हा. कधीचा उभा होता कुणास ठाऊक. तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं. दुकानदारानं भलत्याच मापाची चप्पल पुढं केली की गिऱ्हाईक जसं साधेपणानं सांगतं, तसं त्यांनी सांगितलं होतं. मग ते मोरीत गेले, हातपाय धुतले, टॉवेलानं कानामागं पुसलं, पाटावर येऊन बसले आणि चहा कधी मिळेल अशा नजरेनं स्टोव्हकडं बघत राहिले. सोजरबाईनं पिठल्यात हात घालून पळी काढली. बोटं पोळली, पण पोळल्याचं कळायला बराच वेळ लागला.

भोसरीच्या गावठाणापासून कारखान्यांच्या फाट्यापर्यंत सोजरबाईच्या तोंडाला तोड नाही, असं लोक म्हणायचे. एकदा नात्यातल्या एका लग्नात व्याही मंडळींतली कुणी तिच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून म्हणाली होती, पोत जरा विरळ वाटतो. सोजरबाई म्हणाली होती, विरळ हाय म्हणून तर पलीकडचं तुमचं मन दिसतंय. ते वाक्य अजून बायका एकमेकींना सांगायच्या. लोकांना वाटायचं, बाईच्या जिभेवर देवी बसलीय. देवीबिवी काही नव्हती. सोजरबाई स्वतः बसायची, स्टोव्हपुढं, रोज. कोण काय म्हणेल, त्याला आपण काय म्हणायचं, त्यावर ती काय म्हणेल, हे सगळं आधी तोंडात घोळवायचं, जमलं नाही तर पुन्हा म्हणायचं, आणि बसलं की ठेवून द्यायचं. पापड उन्हाळ्यात करतात आणि तळतात सणाला, तसं. लुगड्याच्या काठाचं उत्तर तिनं त्या लग्नाच्या चार महिने आधीच करून ठेवलं होतं. व्याह्यांकडच्या बायका काठ चिमटीत धरतात हे तिला ठाऊक होतं. शाळा दुसरीत सुटली तीही उत्तर वेळेवर न आल्यानं. गुरुजींनी तिला उभं करून विचारलं होतं, आपल्या गावाच्या उगवतीला काय आहे. तिला येत होतं. डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं, ओढा, ओढ्यावरची बाभळ, बाभळीला टांगलेली सुगरणीची घरटी, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पोरं हसली. उत्तर आलं ते घरी जाताना, बांधावर, आणि तिथं ऐकायला एक टिटवी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. तेव्हापासून तिला कळलं होतं की आपली उत्तरं चालत येतात, लोकांची धावत येतात. म्हणून आपली आधीच घरातून काढायला हवीत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. भिंतीपलीकडं गोजाबाई राहायची, आणि भिंत कसली, विटांचा पडदाच तो. गोजाबाईचा कान त्या भिंतीला पोतेरं लावावं तसा लावलेला असायचा. म्हणून स्टोव्ह. स्टोव्ह पेटवला, चार पंप जास्त मारले, की त्या फर्रर्रमध्ये माणसानं काहीही बोलावं. शेजारणीला वाटायचं, सोजरबाईकडं सदा काहीतरी शिजतं.

आणि हे सगळं इतकी वर्षं चाललं ते फटफटीच्या जिवावर. सोपानरावांची फटफटी युद्धातली, विलायती, देहूरोडला लष्करी मालाचा लिलाव झाला त्यात घेतलेली. काळा रंग खरवडला की आत अजून लष्करी हिरवा निघायचा. पिंपरीच्या कंपनीत ते लेथवर लागले, त्याच सुमाराला ही घरात आली, आणि आली ती बोलतच. धग धग धग, मग मधेच एक ठोका गिळायची, मग धाप लागल्यासारखी धगधग, आणि गिरणीच्या कोपऱ्यावर वळताना एक मोठा फाट्. त्या फाट्ला कोंबड्या उडायच्या, गोजाबाई देवाचं नाव घ्यायची, आणि सोजरबाई, स्टोव्ह कितीही भणभणत असो, तो फाट् ऐकायची. मग तिच्याकडं गिरणीपासून दारापर्यंतचा वेळ असायचा. नवऱ्याचं बोलणं मिटवायचं, आपलं बोलणं मिटवायचं, कपाळावरचा घाम टिपायचा, भुवया जागेवर आणायच्या. पुरुष बाहेर पडताना टोपी घालतात तशी ती चेहरा घालायची. सोपानराव उंबऱ्यात येईपर्यंत पाटावर सोजरबाई बसलेली असायची, जिला सगळं ठाऊक आहे आणि काही पटत नाही. लग्नापासून आजपर्यंत त्यांनी तिला दुसऱ्या कुठल्या रूपात बघितलंच नव्हतं. निदान तिची तशी खात्री होती. उलट त्यांचा चेहरा तिला लांबूनच कळायचा. गाडी कोपऱ्यावर हळू झाली तर फोरमननं काही ऐकवलंय. दोनदा फाटफाट केलं तर ओव्हरटाइम आहे आणि जेवून पुन्हा जायचंय. माणूस स्वतः काहीच सांगायचा नाही. व्हय, न्हाई, बघू, वाढ. एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. बाकीचं सगळं त्यांच्यासाठी तीच बोलायची, स्टोव्हपुढं. आणि खरं सांगायचं तर ते तिथं फार छान बोलायचे. एकदोनदा तर त्यांनी तिला निरुत्तर केलं होतं. तिला ते नावानं हाक मारायचे, सोजर म्हणून. खऱ्या सोपानरावांनी तिला उभ्या जन्मात 'अगं' पलीकडं हाक मारलेली नव्हती.

तर ते कांद्याचं. भावाच्या मुलीचं लग्न होतं चाकणला, आणि सोजरबाई आत्या. आत्याला मान असतो. हिरवं इरकली लुगडं, नाकात नथ, मांडीवर आहेराचं बोचकं, अशी ती फटफटीवर मागं एका अंगाला बसून निघाली होती, आणि मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला तोच गाडीनं खोकायला सुरुवात केली. खोकली, शिंकली, कार्बोरेटरच्या तोंडातून एक फुस्कारा टाकला आणि बसली. सोपानराव खाली उतरले. पान्यानं कार्बोरेटर खोलला, आतली पेट्रोलची वाटी काढली, तळाचा पितळी जेट काढून उन्हाकडं धरला, एक डोळा मिटून त्याच्या भोकातून आभाळ बघितलं. सोजरबाई मैलाच्या दगडावर बसून नवऱ्याकडं बघत होती, आणि तिला एकदम वाटून गेलं की या माणसानं आपल्याकडं कधी असं एक डोळा मिटून बघितलेलं नाही. अक्षतांची वेळ होत आली. तेवढ्यात चाकणच्या बाजाराला निघालेली कांद्याची बैलगाडी आली. सोपानरावांनी मान न वळवता सांगितलं, "तू हो म्होरं." एवढंच. आणि आत्याबाई नथीसकट कांद्याच्या पोत्यांवर चढल्या. मांडवात पोचल्या तेव्हा केसांत कांद्याची सालं, लुगड्याला वास, आणि पायाखाली पोतं फाटल्यामुळं मागून दोनचार कांदे घरंगळत आलेले. जिला मिठी मारली तिच्या डोळ्यांना पाणी. लोकांना वाटलं, मुलीकडची मंडळी भारीच हळवी. मग मुलाकडची शालनबाई, नवरदेवाची मावशी, सगळ्यांच्या देखत विचारती झाली, आत्याबाई कांद्यासंगं आल्या का कांद्याच्या भावात आल्या? मांडव हसला. आणि सोजरबाईला उत्तर आलं नाही. ओढा दिसला, बाभळ दिसली, घरटी दिसली. उत्तर आलं पंगत उठताना, भाताच्या शेवटच्या घासाला, आणि तोवर शालनबाई पान खाऊन दुसऱ्याच विषयावर गेली होती. सोपानराव त्याच सुमाराला पोचले. हात काळे, कपाळावर ग्रीसचं बोट. शेवटच्या पंगतीत बसून जेवले आणि म्हणाले, जिलबी चांगली हाय. घरी आल्यावर सोजरबाईनं सांगितलं, ही गाडी नीट करून आणा, न्हाईतर घरात ती ऱ्हाईल का मी. हे वाक्य तिनं आधीच बसवलेलं होतं आणि ते चांगलं लागलंही. पुढच्याच सुट्टीला सोपानराव गाडी नवाबकडं घेऊन गेले. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण जिंकलो.

नवाबचं गॅरेज नाशिक रस्त्याला, पत्र्याच्या शेडात. गाडी ऐकताना तो डोळे मिटायचा, तोंडात न पेटवलेली विडी धरायचा. कार्बोरेटरमध्ये वरखाली होणारी स्लाईड असते, ती झिजून ढिली झाली होती. फटीतून फुकटची हवा आत जायची, म्हणून गाडी ठोका गिळायची. नवाबनं पुण्याला नाना पेठेत जाऊन जुन्या बाजारातून त्याच जातीची स्लाईड शोधून आणली. मग बाजूचा बारका स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर, असं करत अर्धा दिवस घालवला. संध्याकाळी टाकीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि पाणी सांडलं नाही, असं तोच सांगत सुटला होता. पेल्याचं खोटं असेल, पण गाडी खरंच सुधारली. फाट् गेला. गिळलेला ठोका परत आला. झोपलेल्या मांजरासारखी ती आता गल्लीत यायची, आणि कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या नाहीत. पहिले दोनतीन दिवस सोजरबाईनं गोजाबाईला ऐकवून घेतलं की आमच्या गाडीचा आवाज येत न्हाई म्हणून घाबरू नका, आम्ही हाय घरात. आणि मग ते चार शब्द आले.

त्या दिवसापासून सोजरबाईचं सगळं अडलं. स्टोव्ह पेटवावा तर गाडी ऐकू येईना. स्टोव्ह बंद ठेवून बोलावं तर गोजाबाईचा कान. न बोलता नुसतं मनात बसवावं, तर तिथं वाक्यं उभीच राहीनात. त्यांना हवा लागायची, तोंडाचा ओलावा लागायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हनुवटी गळ्याला लावून नवऱ्याचा आवाज काढायला गेली की तो आवाज मधेच थांबून म्हणायचा, मी असं बोलत न्हाई. मग कसं बोलता, असं ती विचारायची. स्टोव्हपुढचा नवराही घरातल्या नवऱ्यासारखा गप झाला. तिला एकटं वाटलं, आणि या वयात असं वाटण्याची लाज वाटली. जेवायला वाढताना ती त्यांच्या तोंडाकडं बघायची. त्यांनी काय काय ऐकलं असेल? सोजर म्हटलेलं ऐकलं असेल का? की आणखी आधीचं, ज्यात ते तिला म्हणतात, तुझ्या हाताला चव हाय? घास चावताना त्यांच्या कानशिलावरची शीर हलायची. ऐकलेलं सगळं तिथं साठवून ठेवलंय असं तिला वाटायचं.

आणि मग नळावर ते झालं. पाणी यायचं होतं, हंड्यांची रांग लागली होती, आणि गोजाबाई सगळ्या बायकांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "सोजरबाई, तुमचं मालक गाडीवर जाताना तोंड हलवीत असत्यात. घरात पोटभर मिळत न्हाई व्हय, म्हून रस्त्यानं चरत जात्यात?" बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या, कारण आता सोजरबाई बोलणार होती. पदर तोंडाला लावून त्या वाट बघत राहिल्या. सोजरबाईनं तोंड उघडलं. ओढा, बाभळ. नळाला पाणी आलं, कुणाचा तरी हंडा भरून वाहायला लागला, तरी कुणी हात लावीना. सोजरबाई अर्धी घागर उचलून निघून आली. उत्तर भाकरी थापताना सुचलं, चांगलं होतं, पण समोर नुसता तवा होता. गावठाणात त्या दिवशी बायका म्हणाल्या म्हणे, सोजरबाईला बरं न्हाई का काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवाबच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली. त्यानं ऑइलचा डबा पालथा घालून त्यावर फडकं टाकलं आणि काकी, बसा म्हणाला. ती बसली नाही. म्हणाली, माझी गाडी मुकी केलीस तू. नवाबला ती तारीफ वाटली. तो म्हणाला, मुकी नाही काकी, शहाणी केली. सोजरबाई म्हणाली, आदी व्हती तशी कर. नवाबनं तोंडातली विडी काढली. त्याला दोनदा विचारावं लागलं. मग तो हसला, मग हसायचा थांबला.

"काकी, कुणी म्हणलं भाकरी करपवून द्या, तर तुम्ही द्याल?"

"ज्याला करपलेली गोड लागती त्याला दीन की. माझं काय जातंय?"

"माझं जातंय," नवाब म्हणाला. "मी रस्त्यावर बसलोय. गाडी फाटफाट करत गेली की लोक विचारतात, कुणाच्या हातची. अन् तुमचं कळत नाही मला. परवा काका पण येऊन हेच म्हणाले, लई गप झाली रं नवाब. नवरा-बायको गाडी नीट करायला पाठवता का बिघडवायला?"

सोजरबाईनं ते ऐकलं, पण आत घेतलं नाही. तिला वाटलं, पुरुषाला जुन्या वस्तूचा लळा असतो. शेडात दुसरी एक फटफटी चालू होती आणि नवाब बोलता बोलता तिचा स्क्रू फिरवत होता. आवाज दाट झाला, विरळ झाला, कातरला, आणि मग एका जागी असा स्थिर झाला की आवाज आहे हेच विसरायला व्हावं. नवाबचे डोळे मिटलेले होते. सोजरबाईला शहारा आला. हा माणूस सगळे आवाज जिथं मिटतात ती जागा शोधतो, आणि आपलं सगळं आयुष्य तर आवाजाच्या आडोशाला गेलं. हे तिला असं शब्दांत सुचलं नाही. तिला फक्त तो स्क्रू हिसकावून घ्यावासा वाटला. कारण मात्र सांगता येईना. काय सांगणार होती? घरी आली ती ठरवूनच.

रविवारी संधी मिळाली. नवाबनं शिकवल्यापासून सोपानरावांना हुरूप चढला होता. दर सुट्टीला ते कार्बोरेटर खोलून, जुन्या वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडून, पेट्रोलनं धुवायचे. त्या दिवशी सगळं मांडून ठेवून ते अंघोळीला गेले. सोजरबाई अंगणात आली. जेट तिनं लगेच ओळखला. स्टोव्हच्या निप्पलचाच भाऊ तो, पितळी, मधे भोक. स्टोव्हच्या निप्पलचं भोक पिन मारून मारून मोठं झालं की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, स्टोव्ह भकभक करतो. इथंही तसंच होणार. गाडी जरा भकभकली की झालं. जीव तर जात नाही तिचा. तिनं स्टोव्हची पिन आणली. पिन एका फिरवण्यात वाकली. मग गोधडीत खोचलेलं दाभण काढलं, ते भोकात घातलं आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसं फिरवलं. पितळेचा बारीक चुरा पडला, तो तिनं फुंकून टाकला. मोरीत पाण्याचा शेवटचा तांब्या ओतल्याचा आवाज आला, तेव्हा ती खिडकीपाशी गोधडी शिवत बसली होती, चेहरा घालून.

सोमवारी सकाळी सोपानराव निघाले ते काळ्या ढगातून. आवाज आला, पण तो तिचा नव्हता. आधीची गाडी ठोका गिळायची, ही ठोक्यांवर ठसकत होती, गोजाबाईच्या नवऱ्याला विडीचा खोकला लागायचा तशी. सोजरबाई दारात उभी राहून ऐकत राहिली. जुना आवाज परत आणायला गेली आणि कुणा परक्याचा उचलून आणला. संध्याकाळी कुठलाच आवाज आला नाही. सोपानराव कंपनीच्या गेटपासून गाडी ढकलत आणत होते. धुरानं गेटवरच्या रखवालदाराला आग लागलीसं वाटलं होतं आणि त्यानं वाळूची बादली टाकीवर रिकामी केली होती. त्यांच्या भुवयांत काजळी, काजळीत वाळू. मागं नवाब चालत होता. अंगणातच त्यानं जेट खोलला आणि सोजरबाईपुढं धरला.

"काकी, बघा. इथं खसखशीचा दाणा अडकायचा. आता मोहरी जाईल आरपार. कुणी केलं हे?"

"उंदरानं कुरतडलं असंल."

"पितळ?"

"भोसरीचं उंदीर हायत. कंपन्या आल्यापास्नं लोखंड खात्यात."

हे मात्र धावत आलं होतं, न बसवता. तिलाच नवल वाटलं. नवाब सोपानरावांकडं बघायला लागला. सोपानराव घरात गेले, खिडकीतल्या गोधडीतून दाभण उपसलं, नाकापाशी नेऊन हुंगलं. पेट्रोल. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते स्वच्छ पुसलं आणि पुन्हा गोधडीत, पहिल्याच टाक्याशी, खोचून ठेवलं. मग बाहेर येऊन नवाबला म्हणाले, "दुसरा टाक. उंदीर लई हायत." आणि हातपाय धुवायला गेले. सोजरबाईला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला तिच्याकडं उत्तर तयार होतं.

नवा जेट आला, गाडी पुन्हा मांजर झाली. सोजरबाईनं नाद सोडला. स्टोव्हपुढं ती आता मुकाट बसायची, आणि गोजाबाई भिंतीपलीकडून विचारायची, बरं हाय ना सगळं? नळावर बायका तिला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाला देतात तसं. त्याच्याइतकं तिला कशानंच लागलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी, कढी उकळत असताना, गिरणीच्या कोपऱ्यावरून आवाज आला. धग धग धग, एक ठोका गिळला, धग, फाट्. कोंबड्या उडाल्या. सोजरबाईचा हात आपोआप कपाळाकडं गेला, घाम टिपायला. मग तो हात तिथंच राहिला. काहीतरी चुकत होतं. तिनं स्टोव्हची चावी सैल करून हवा सोडली आणि कान दिला. ठोका फार नेमानं गिळला जात होता. लहान पोर शाळा बुडवायला लंगडतं, पण दर पावलाला सारखंच लंगडतं, तसं. गाडी चांगली होती. ती मुद्दाम बिघडवली जात होती. हँडलला हवेचा एक खटका असतो, तो मिटला की गाडीचा श्वास कोंडतो आणि ती भकभकते. सोपानराव थंडीत तो वापरतात हे तिला ठाऊक होतं. हे थंडीचे दिवस नव्हते. आणि आवाज पुढं सरकतही नव्हता. गिरणीपाशीच उभा होता. तिला वेळ देत होते. म्हणजे त्यांना कळलं होतं, सगळंच, तो फाट् कशाला लागतो तेसुद्धा. सोजरबाईला आधी संताप आला. असली भीक कुणी मागितली होती? चांगलं चार शब्दांत ऐकवून यावं म्हणून ती अनवाणीच बाहेर पडली.

गिरणी त्या दिवशी वीज नव्हती म्हणून बंद होती. भिंतीच्या आडोशानं ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली, त्या धगधगीत पावलांचा आवाज कुठला यायला. सोपानराव गाडीवर बसले होते, पाठ तिच्याकडं. एक हात खटक्यावर. आणि ते बोलत होते. गोजाबाईनं बघितलेलं ते हलणारं तोंड हेच. पिंपरीपासून भोसरीपर्यंत, इतकी वर्षं, रोज; आणि नवाबनं गाडी गप केली तेव्हा यांचाही आवाज बंद होऊन नुसते ओठ हलत राहिले असणार. लई गप झाली रं. सोजरबाईनं भिंतीला हात टेकला.

"चुकलं माझं, सोजर," सोपानराव म्हणत होते. "कांद्यावर..." मग थांबले, मान हलवली, पुन्हा म्हणाले, "चुकलं माझं. जिलबीचं मी बोलायला नको व्हतं." तेही बसेना. घसा खाकरला. मग त्यांनी हनुवटी वर केली, खांद्यावर नसलेला पदर सारखा केला आणि बारीक आवाज काढला. "ऱ्हाऊ द्या आता. दमला असाल. च्या ठिवते."

फटफटी फाट् करून जागच्या जागी उडाली. कोंबडी कुठं तरी ओरडली. सोजरबाईच्या जिभेवर ते चार शब्द येऊन बसले होते, मी अशी बोलत न्हाई, जन्मात कधी न मिळालेली संधी, आणि गाडीइतकाच जोर होता त्यांत. तिनं ते तोंडात फिरवले. मग वळून, ज्या पावलांनी आली त्याच पावलांनी, ती घरी परतली.

स्टोव्हमध्ये तिनं पंप मारले, काडी लावली. पाटावर बसली. चेहरा घालायला वेळ होता, पण घाम तसाच राहू दिला. गाडी दारापर्यंत आली, धगधगतच. सोपानराव उंबऱ्यात उभे राहिले, पिशवी हातात, तोंड उघडलेलं. बसवून आणलेलं वाक्य अगदी दातांपर्यंत आलेलं तिला दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या आता," सोजरबाई म्हणाली. "दमला असाल. च्या ठिवते."

सोपानरावांनी तिच्याकडं बघितलं. मग एक डोळा जरासा बारीक करून, जेटमधून आभाळ बघावं तसं, पुन्हा बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. आणि पाटाशी खाली बसल्यावर, "सोजर..."

बाहेर गाडी चालूच राहिली होती. बंद करायला कुणी उठलं नाही. भिंतीपलीकडं गोजाबाईनं कान लावलाच असणार. तिला स्टोव्हची फर्रर्र ऐकू गेली असेल, आणि धग धग धग, मधेच गिळलेला एक ठोका, आणि फाट्.